पळालेल्या पोरांची कादंबरी लिहिताना: क्रम, तयारी आणि नेहमीच्या चुका

दर रविवारी आमच्या तालुक्याच्या वाचनालयात पाच-सहा पोरंपोरी वह्या घेऊन येतात. बहुतेक अकरावी-बारावीतली. दोन वर्षांपासून निम्म्याहून जास्त वह्यांत एकच गोष्ट असते: उद्याचं जुलमी सरकार, त्याच्या तावडीतून निसटलेली चार पोरं, जंगल, बंड. कल्पना झकास असते आणि वही चाळिसाव्या पानावर बंद पडते. कारणही तेच ते. पहिली पंधरा पानं सरकार सत्तेवर कसं आलं यात जातात. सोळाव्या पानावर पोरं रात्री गाव सोडतात, सतराव्यावर जंगलात पोचतात, आणि आता यांनी करायचं काय हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं. तीन दिवस चालून कोणाला तहान लागलेली नसते. मे महिन्यात! विदर्भात!

म्हणून हा क्रम. तो बदलू नका, कारण पुढची पायरी मागचीवर उभी आहे. पहिल्या सहा पायऱ्यांत कादंबरीचं एकही वाक्य लिहायचं नाही. लागेल ते एवढंच: दोनशे पानी वही, तुमच्या भागाचा नकाशा आणि तिथी दाखवणारं भिंतीवरचं कॅलेंडर.

१. आधी महिना, मग सरकार

पोरं कोणत्या महिन्यात पळतात यावर ती कुठे लपतील, काय खातील, कोणाला दिसतील हे सगळं ठरतं. सरकारचं नाव नंतर ठेवलं तरी चालतं.

मे घेतला तर लपायला जागा नाही. शेतं नांगरून उघडी पडलेली, काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा. चंद्रपूर, अकोला, नागपूरकडे पारा पंचेचाळिसावर गेलेला. जंगलात पळाली तर सागाचं एक पान झाडावर नसतं. सगळी पानं खाली, वाळून पापड झालेली, पाय पडला की आवाज दोनशे पावलांवर जातो. "घनदाट सागवनात ती अदृश्य झाली" हे वाक्य मे महिन्यात लिहिलेलं मी निदान सात वह्यांत खोडलं आहे.

मार्च-एप्रिल घेतला तर मोहाची फुलं पडतात. पोटाला आधार होतो, पण मोह वेचायला बायापोरं पहाटेच्या अंधारात टोपल्या घेऊन येतात, आणि मोहाचा वास अस्वलालाही कळतो. झाडाखाली निवांत झोपलेली पोरं दोघांपैकी एकाला सापडणारच.

ऑगस्टचा शेवट घेतला तर पऱ्हाटी (कपाशी) कमरेला आलेली, नाले भरलेले, मुगाच्या शेंगा भरत आलेल्या. आडोसा आहे, पण काळ्या मातीत प्रत्येक पाऊल उमटतं आणि नदी ओलांडता येत नाही. डिसेंबरात तूर डोक्याएवढी, ज्वारीचा हुरडा, बोरं; मात्र रात्री अंग गारठतं आणि जाळ केला की धूर दिसतो.

कोणताच महिना सोपा नाही, आणि कादंबरीला ते बरंच आहे. एक निवडा आणि त्याच्या अडचणी वहीत एका पानावर उतरवून काढा. त्या अडचणी म्हणजेच तुमची पुढची प्रकरणं.

*तपासा:* निघण्याची रात्र कोणत्या तिथीची? चंद्र दर रात्री साधारण पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. पौर्णिमेनंतर आठव्या दिवशी तो मध्यरात्रीच्या सुमारास वर येईल. कथेत सलग पाच रात्री पिठासारखं चांदणं पडलं असेल तर कॅलेंडर पुन्हा उघडा.

२. पाण्याचा नकाशा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. दोन रविवार गेले तरी चालतील.

नकाशावर पोरांची वाट आखू नका. आधी पाणी आखा: विहिरी, बोअरचे हातपंप, नाले, तलाव, कालवे. प्रत्येकापुढे दोन गोष्टी लिहा, त्या महिन्यात तिथे पाणी असतं का आणि तिथे आणखी कोण येतं. मग पाण्यापासून पाण्यापर्यंत रेघ ओढा. पोरांची वाट तीच.

विदर्भ सगळा सारखा नाही. पूर्णेच्या खोऱ्यात, म्हणजे अकोला, अमरावती, बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यात, भूगर्भातलं पाणीच खारं. विहीर दिसली म्हणून पोरं धावत गेली, पोहरा वर ओढला, ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकली. एवढ्यावर एक प्रकरण उभं राहतं. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे मामा तलाव, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, आहेत, पण तलाव म्हटला की मासेमारी आली, धुणं आलं, गुरं आली, माणसं आली. मेळघाटात उन्हाळ्यात मोजकेच पाणवठे उरतात आणि जनावरं तिथेच येतात. बुद्धपौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावरच्या मचाणांवर माणसं बसवून प्राणी मोजतात ते याचसाठी. तहानलेला कुठे येणार हे पाहणाऱ्याला आधीच माहीत असतं. तुमच्या सरकारलाही माहीत असणार.

वाघाच्या वाटांवर झाडाला बांधलेले कॅमेरे आता मेळघाट-ताडोबाकडच्या पोरांना नवे नाहीत. समोरून काहीतरी उबदार हललं की फोटो निघतो. वह्यांमध्ये मात्र आकाशातून लाल डोळ्यांची यंत्रं येतात. कशाला? झाडाला बांधलेली ती खाकी-हिरवी डबी पुरेशी भीतीदायक आहे, आणि ती तुमच्या वाचकानं पाहिलेली आहे.

*सावधान:* पोरांच्या हाती पाणी भरायला शेतात पडलेला प्लास्टिकचा डबा देऊ नका. तो फवारणीच्या औषधाचा असतो. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी आणि मजूर दगावले. इथला वाचक त्या डब्यावर लगेच बोट ठेवेल. चूक मुद्दाम घडवायची असेल तर घडवा, पण तिचा परिणामही दाखवा.

३. सरकारचा एकच कायदा

पंधरा पानांचा इतिहास फाडून टाका. त्याच्या जागी एक कायदा लिहा, दोन ओळींत, आणि तो घराच्या उंबऱ्याच्या आत येणारा असू द्या.

एक नमुना देतो. "चौदा वर्षं पूर्ण झालेल्या प्रत्येकानं दर सोमवारी चावडीवर अंगठा लावायचा. अंगठा चुकला तर त्या घराचं पाणी सात दिवस बंद." बस. रेशन दुकानात अंगठ्याचं मशीन सगळ्यांनी पाहिलेलं आहे, रेंज यावी म्हणून ते मशीन उचलून कडुनिंबाखाली आणलेलंही पाहिलेलं आहे. आता त्या मशीनला थोडं पुढे ढकला. कापूस वेचून, बोंडाच्या वाळक्या टोकांनी बोटं सोलून निघालेल्या मायचा अंगठा मशीन ओळखत नाही. तिनं काहीच केलेलं नाही आणि घराचं पाणी तोडलं गेलं. तुमच्या नायिकेला पळायचं कारण मिळालं. शिवाय ती पळाली की तिचा अंगठा चुकणार, म्हणजे मागे राहिलेल्यांचं पाणी पुन्हा तुटणार. पळणाऱ्याच्या पायात ही बेडी हवीच. ती नसेल तर ती सहल होते.

राज्य, पक्ष, नेता यांची खरी नावं नकोत. लोखंडी नावंही नकोत. "महानियंता", "परमसत्ता" असलं वाचलं की मला पौराणिक मालिका आठवते. गावातली माणसं त्या सरकारला काय म्हणतील ते शोधा. "वरचे", "मशीनवाले", "सोमवारवाले". यातलं "सोमवारवाले" एका मुलीनं सुचवलं आणि आम्ही सगळे दोन क्षण गप्प झालो.

*तपासा:* कायदा मोडला नाही तरी त्याचा त्रास कोणाला तरी होतो का? होत नसेल तर कायदा बदला.

४. चार पोरं, त्यातलं एक ओझ्याचं

सहा-सात पोरं घेतली तर दोघांची नावं तुम्हीच विसराल. चार पुरे. त्यातलं एक असं हवं की ज्याच्यामुळे सगळ्यांचा वेग कमी होतो: आठ वर्षांचा भाऊ, पाय दुखावलेली मैत्रीण, दम्याची पोरगी.

प्रत्येकासाठी पाच उत्तरं लिहा. पायात काय आहे? खिशात काय आहे? कोणतं काम हातानं येतं? अंधारात कशाची भीती वाटते? मागे कोण राहिलं? "स्वभाव: शूर" असं लिहिलेलं पान मी परत देतो. शूर ते पुढे दिसेल. मोटार दुरुस्त करता येणं, गाय धरता येणं, पावसाचा वास ओळखणं, पोहता न येणं, हे लिहा.

एखादं पोरगं कोरकू किंवा गोंड घेतलंत तर ते जंगलाचा चालताबोलता नकाशा म्हणून वापरू नका. त्यालाही वाट चुकू द्या, त्यालाही चपला चावू द्या. आणि त्याच्या तोंडी मोडकी मराठी घालून हशा मिळवू नका.

५. मागावर कोण आहे

मागावर फौज नको, एक माणूस पाहिजे. शक्यतो गावातलाच: पोरांच्या बापाबरोबर चहा पिणारा, त्यांना नावानं ओळखणारा, आणि स्वतःच्या घरचं पाणी टिकवायला निघालेला. त्याला राक्षस केलात तर पोरांनी त्याला चुकवणं म्हणजे नुसता खेळ. तो बरा माणूस असला तर प्रत्येक भेटीत वाचकाची पंचाईत होते.

त्याचं रोजचं वेळापत्रक वहीत लिहा. पोरं चालतात तेव्हा तो कुठे असतो? हे न लिहिल्यामुळेच वह्यांतला शत्रू ऐन वेळेला आभाळातून पडतो.

६. हिशोबाची वही

कंटाळवाणं वाटेल, पण करायचंच. एका दिवसाला एक ओळ: तिथी, चाललेलं अंतर, पाणी, खाणं, झोप, जखमा.

अंदाजासाठी काही आकडे. रात्री, धुऱ्याधुऱ्यानं (शेताच्या बांधाबांधानं), लहान पोर बरोबर घेऊन तासाला दोन किलोमीटर चाललात तरी फार. पाच तास चाललं तर दहा. उन्हाळ्यात चालणाऱ्या माणसाला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी लागतं. चौघांचं वीस लिटर, म्हणजे वीस किलोचं ओझं. कोण उचलणार? म्हणजे पाणी सोबत नेता येत नाही, पाण्याकडे जावं लागतं, आणि पाण्याकडे कोण बसलंय ते दुसऱ्या पायरीत आलं आहे. हिशोब नीट केलात तर कथानक आपोआप आवळत जातं.

अंगाचं दुखणंही हिशोबात धरा. मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते, बहुतेकदा फारसं दुखतही नाही, आणि काही वेळानं पापण्या जड होतात. पोर "झोप येते" म्हणतं आणि बाकीच्यांना वाटतं दमलं असेल. जखम चिरून तोंडानं विष ओढणारा नायक आता पुरे झाला. तो उपचारच चुकीचा आहे. हलू न देता दवाखान्यात नेणं आणि प्रतिविष देणं हाच उपाय. पळालेल्या पोरांसाठी दवाखाना म्हणजे पुन्हा अंगठा.

*सावधान:* साप, वाघ, पूर यांतलं एकच मोठं संकट वापरा. तिन्ही आले की वाचक तिकीट काढून बसल्यासारखा मजा बघायला लागतो.

७. निघण्याची रात्र

आता लिहायला बसा. सुरुवात निघण्यापासून. सरकार, कायदा, घर हे सगळं त्या धावपळीत जेवढं दिसेल तेवढंच.

रात्री बारा वाजता खिडकीतून उडी मारून पळणारी पोरं मला आता तोंडपाठ झाली आहेत. आपल्या गावातून कोणाचंही लक्ष न जाता निघायची वेळ कोणती? पोळा अमावास्येला असतो, रात्र काळीकुट्ट. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे "घेऊन जा गे मारबत" ओरडत सगळी पोरं गावाच्या शिवेपर्यंत जातात. सगळी परत येतात. चार येत नाहीत. अख्ख्या गावानं रोगराई हाकलायला आरोळ्या दिल्या आणि त्याच आरोळ्यांत ही चौघं बाहेर पडली. असा प्रसंग तुमच्या गावात वेगळा असेल, तो शोधा.

आणि रात्रीचं शेत रिकामं नसतं हे पक्कं ध्यानात ठेवा. रानडुक्कर आणि रोही (नीलगाय) हाकायला माणसं जागलीला, म्हणजे रात्रीच्या राखणीला, असतात. रब्बीत पंपाची वीज पाळीनं रात्रीची आली की हरभऱ्याला पाणी द्यायला शेतकरी बॅटरी घेऊन बांधावर उभा असतो. धुऱ्यावर झटका मशीनची, जनावराला विजेचा झटका देणारी, तार असते. शहरातल्या लेखकाला हे सुचणार नाही. तुम्हाला सुचलंच पाहिजे.

एका वहीतला पहिला खर्डा असा होता:

"अंधाराचा फायदा घेत त्यांनी जिवाच्या आकांतानं धाव घेतली. काही तासांतच ते घनदाट जंगलात पोहोचले."

चौथ्या खर्ड्यात तेच असं झालं:

"पऱ्हाटीच्या दोन ओळींमधे गजू खाली बसला. मागची तिघंही बसली. समोरच्या धुऱ्यावर मचाण होतं आणि मचाणावर बिडी पेटलेली. म्हाताऱ्यानं पिपा बडवला, तीनदा. थांबला. बाळ्याच्या चपलेला एवढा चिखल चिकटला होता की पाय उचलला की पच्च व्हायचं. सुलीनं त्याच्या चपला काढून ओढणीत बांधल्या.

'कोन हाय रे?'

कोणी श्वास घेतला नाही.

'डुक्कर असन,' म्हातारा म्हणाला आणि पुन्हा पिपा बडवू लागला. पण आता तो पलीकडे तोंड करून बसला होता."

म्हाताऱ्यानं ओळखलं की नाही, हे लिहिणारीनं सांगितलं नाही. सांगायची गरज नाही. या कादंबरीतलं पहिलं बंड त्या म्हाताऱ्यानं केलं आणि त्याला एक वाक्यही खर्ची पडलं नाही.

*तपासा:* पहिल्या प्रकरणात "अचानक" किती वेळा आलं? दोनपेक्षा जास्त असेल तर उरलेल्या ठिकाणी घटनेचं कारण द्यायचं राहून गेलं आहे.

८. बोली कुठे, किती

निवेदन प्रमाण मराठीत आणि बोलणं वऱ्हाडीत, हे सोपं आणि टिकणारं. "मले", "तुले", "काहून", "कायले", "येऊन रायला" एवढ्यानं सूर लागतो. ळ चा य करायचा तर सगळीकडे करा. एका पानावर "शाया" आणि दुसऱ्यावर "शाळा" नको. भंडारा-गडचिरोलीची झाडीबोली वेगळी, ती अमरावतीच्या पोराच्या तोंडी घालू नका. शंका आली तर त्या गावच्या आजीला वाचून दाखवा. ती हसली तर कुठे हसली ते टिपून घ्या.

विनोदी पात्रच तेवढं वऱ्हाडी बोलतं आणि नायक मात्र पुस्तकी, हे कटाक्षानं टाळा. घाबरलेला माणूस आपल्या बोलीतच घाबरतो.

९. मधली पानं: बंड म्हणजे नक्की काय करायचं

इथे वह्या बंद पडतात. पोरं लपली, जगली, पुढे काय? मग अचानक बंदुका येतात, राजधानी येते, पोरं एका रात्रीत सत्ता उलथवतात. नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या पोरांच्या हातून काय होऊ शकेल ते ठरवा, आणि ते तिसऱ्या पायरीतल्या कायद्यालाच भिडलेलं असू द्या.

कृती लहान असली की फार चालते. १९३० च्या जंगल सत्याग्रहात पुसदकडे लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापलं आणि त्यासाठी तुरुंगात गेले. गवत! कायदा कुठे दुखतो ते त्यांना ठाऊक होतं. तुमच्या पोरांनी काय कापावं? सोमवारी सगळ्या गावानं बोटांना चिकट राख लावून यावं, म्हणजे एकही अंगठा जुळणार नाही? तोडलेल्या घराला शेजारच्यांनी रात्री घागरी पोचवाव्यात? ही कृती पोरांनी सुरू केली पाहिजे आणि मोठ्यांनी अर्धवट घाबरत उचलली पाहिजे.

गडचिरोलीकडची कथा असेल तर एक सांगणं. वर्तमानपत्रातली चकमक उचलून कादंबरीत ठेवू नका. त्या बातमीतल्या दोन्ही बाजूंची माणसं कोणाची तरी लेकरं आहेत, आणि ती घरं तुमच्याच जिल्ह्यात आहेत.

प्रत्येक तीन प्रकरणांमागे मागच्या गावात एकदा जा. तुटलेलं पाणी, माय, मागावर निघालेल्याची बायको. पळणाऱ्यांपेक्षा थांबलेल्यांचं वाचायला लोक जास्त थांबतात, हा माझा अनुभव.

*तपासा:* पोरांनी एखादी तरी गोष्ट अशी केली का, जिची त्यांना लाज वाटते? उपाशी पोटी कोणाच्या तरी घरची शिदोरी उचलणं एवढंही पुरे. नसेल तर ती पोस्टरवरची पोरं आहेत.

१०. पुन्हा लिहिणं

पहिला खर्डा संपला की वही पंधरा दिवस कपाटात. मग तीन फेऱ्या, प्रत्येक फेरीत एकच काम.

पहिल्या फेरीत फक्त पाणी. लाल पेनानं प्रत्येक पानावर पाणी कुठे आलं ते गोल करा. सलग दहा पानं गोल नसेल तर पोरं तिथे मेली आहेत, फक्त तुम्हाला कळलेलं नाही.

दुसऱ्या फेरीत भाषणं. कोणतंही पात्र सलग चार ओळींपेक्षा जास्त स्वातंत्र्याबद्दल बोललं की तीन ओळी खोडा. राहिलेलीसुद्धा बहुधा खोडावीच लागते.

तिसऱ्या फेरीत वस्तू. चौथ्या पायरीतलं पान उघडा आणि खिशातल्या, पायातल्या प्रत्येक वस्तूचा माग शेवटापर्यंत काढा. सुलीनं बाळ्याच्या चपला ओढणीत बांधल्या होत्या ना? त्या वहीत पुढची साठ पानं त्या चपलांचा पत्ताच नव्हता. विचारल्यावर लिहिणारीनं कपाळाला हात लावला, घरी गेली, आणि पुढच्या रविवारी शेवटचं प्रकरण नव्यानं लिहून आणलं. मागावरच्या माणसाला नाल्याच्या काठावर एक लहान चप्पल सापडते. तो ती उचलतो, चिखल झटकतो आणि खिशात घालतो. चावडीवर जाऊन सांगतो, काही सापडलं नाही.